गोळी चुकली तर? वेळेचा हिशेब आणि घरातली जबाबदारी

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)

 

मी विषय कळवला तेव्हा आयोजकांनी अगदी आदबीनं विचारलं होतं, "आपा, समोर मुलगेही असतील, चालेल ना?" मी म्हटलं, मुलगे असतील तरच बोलते. का, ते शेवटी सांगेन.

आधी माझी ओळख. मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, वय चौतीस, लग्नाला आठ वर्षं झाली, एक मुलगी आहे. तुमच्या तब्येतीला कोणती गोळी चालेल हे डॉक्टरच सांगतील, त्यात मी पडणार नाही. पण गोळी एकदा हातात आली की पुढचं काम वेळापत्रकाचं असतं. रोज एक गोष्ट ठरलेल्या वेळी करायची, ती राहिली तर पुढं काय करायचं याचा नियम आधीच ठरवून ठेवायचा. हे माझं रोजचं काम आहे. म्हणून आज त्यावर बोलते.

दोन आकडे लक्षात ठेवा. रोजची गोळी वर्षभर अगदी नियमानं घेणाऱ्या १,००० बायका घेतल्या, तर पहिल्या वर्षात साधारण ३ जणींना दिवस जातात. आणि आपल्यासारख्या माणसांच्या घरात, जिथं पाहुणे येतात, पोरं आजारी पडतात, रात्री वीज जाते, तिथं हाच आकडा दर १०० मागे सुमारे ७ होतो. म्हणजे १,००० मागे ७०. गोळी तीच, कंपनी तीच, शरीरही तसंच. ३ आणि ७० यांच्यातलं अंतर जवळजवळ सगळं राहून गेलेल्या आणि उशिरा सुरू केलेल्या गोळ्यांचं आहे.

आणि त्या अंतरात सापडलेल्या बाईला घरात काय ऐकावं लागतं? "तुझंच लक्ष नव्हतं." आमच्या कामात शंभरातले सात लोक एकाच जागी अडखळले, तर त्या सात जणांना आम्ही वेंधळे म्हणत नाही. ती जागा दुरुस्त करतो. तर ती जागा कुठली, ते बघू.

पांढऱ्या एकवीस, तपकिरी सात

सरकारी दवाखान्यात ‘माला-एन’ मोफत मिळते, आशाताईंकडेही मिळते. ‘माला-डी’ मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या, त्यांत दोन हार्मोन असतात. ७ तपकिरी, त्यांत फक्त लोह असतं. या २८ च्या २८ रोज एक अशा घ्यायच्या, पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवीन सुरू. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत पहिलं पाकीट सुरू केलं तर संरक्षण लगेच मिळतं. त्यानंतर सुरू केलं तर पहिले सात दिवस कंडोम वापरायचा.

आता आतली गोष्ट. पांढरी गोळी बीजकोषाला झोपवून ठेवते, म्हणजे बीज बाहेर पडत नाही. त्याला नीट झोपवायला साधारण सलग सात गोळ्या लागतात. एकदा झोपला की सात दिवस हार्मोन मिळाले नाहीत तरी तो सहसा उठत नाही. तपकिरी गोळ्यांचे सात दिवस म्हणजे ही पूर्ण वापरलेली सुट्टी. शिल्लक एकही दिवस नाही.

आता सांगा, कोणती गोळी विसरणं सगळ्यांत धोक्याचं?

बहुतेक जणींना वाटतं, मधली एखादी चुकली तर मोठा घोळ. खरं तर मधली एक चुकली तर धोका सगळ्यांत कमी, कारण आधी पुरेशा गोळ्या झालेल्या असतात आणि पुढं आणखी यायच्या असतात. धोका पाकिटाच्या कडांना आहे. नवीन पाकिटाची पहिली पांढरी गोळी दोन दिवस उशिरा घेतली, तर सात दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची झाली. जुन्या पाकिटाच्या शेवटच्या दोन पांढऱ्या राहिल्या, तरी सुट्टी नऊच दिवसांची. बीजकोषाला जाग येते ती इथं.

आपल्या घरांत ही कड का चुकते

याची दोन कारणं मला आपल्या घरांत दिसतात.

पहिलं. पांढऱ्या गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव सुरू होतो. कधीकधी नवीन पाकिटाचा दिवस उजाडला तरी तो थांबलेला नसतो. मग मनात येतं, "पाळी संपू दे, गुस्ल होऊ दे, मग नवीन पाकीट उघडते." नाही. गोळीचा गुस्लशी काही संबंध नाही. तपकिरी सातवी झाली की दुसऱ्या दिवशी पांढरी पहिली, स्राव चालू असो वा नसो.

दुसरं कारण तर खास आपलं. पुष्कळ जणी गोळी नमाजेला बांधतात. इशाची नमाज पढली, मुसल्ला गुंडाळला, गोळी घेतली. सवय लावायला ही युक्ती चांगली वाटते. नमाजेची वेळ वर्षभरात पुढंमागं सरकते, त्यानं या गोळीला फारसा फरक पडत नाही. पण पाळीत नमाज नसते. म्हणजे तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात, जिथं सगळ्यांत जास्त सांभाळायचं तिथंच, आठवण करून देणारी गोष्ट गायब होते. म्हणून गोळी अशा गोष्टीला बांधा जी महिन्याचे तीसही दिवस होते. रात्रीचं जेवण, दात घासणं, फोन चार्जिंगला लावणं. मी रात्री साडेनऊचा गजर लावते आणि ताटं उचलली की घेते.

आणि म्हणूनच तपकिरी गोळ्याही घ्या. त्यातली एखादी राहिली तर गर्भ राहण्याच्या दृष्टीनं काही बिघडत नाही, ती टाकून द्या आणि पुढं चला. पण त्यांचं काम रोजची सवय तुटू न देणं आणि नवीन पाकिटाचा दिवस बरोबर आणून देणं हे आहे. लोह मिळतं तो फायदा वेगळा.

चुकली तर: वहीत लिहून घ्या

एक पांढरी गोळी राहिली. आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवलं तर कालची आणि आजची अशा दोन एकाच दिवशी घेतल्या तरी चालतं. पुढची नेहमीच्या वेळेला. कंडोमची गरज नाही, घाबरायचं काही नाही. चार-पाच तास उशीर झाला तर त्याला चूकसुद्धा म्हणायचं नाही.

सलग दोन किंवा जास्त पांढऱ्या राहिल्या. राहिलेल्यांतली शेवटची एक लगेच घ्या, त्याआधीच्या टाकून द्या. सगळ्या एकदम गिळायच्या नाहीत, त्यानं फक्त मळमळ होते. पुढच्या रोज वेळेवर. आणि सात पांढऱ्या गोळ्या सलग पोटात जाईपर्यंत, म्हणजे सात दिवस, कंडोम वापरा किंवा संबंध टाळा.

या दुसऱ्या नियमाला दोन पोटनियम आहेत. त्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील, म्हणजे १५ ते २१ यांतल्या, तर पांढऱ्या संपवून तपकिरी सोडून द्या आणि दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट उघडा. त्या महिन्यात पाळी येणार नाही, ते ठीक आहे. आणि त्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीचा विचार करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत तुम्हाला ‘दोन’च्या जागी ‘तीन’ दिसेल. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनात ‘दोन’ आहे. मी कडक नियम सांगितला, कारण सात दिवस जास्तीचा कंडोम वापरल्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी उपयोगी. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही असते. ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिलेला असेल तर त्याला ती काही करत नाही, त्यामुळं तिला गर्भपाताची गोळी म्हणू नका. आणि तिला रोजच्या गोळीचा पर्यायही करू नका. ती घेतल्यावर रोजची गोळी चालूच ठेवायची.

गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. उलट्या किंवा जोराचे जुलाब दोन दिवसांपेक्षा जास्त चालले तर त्या गोळ्या चुकल्या असं धरून वरचा नियम लावा.

आणि टीबी. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन हे औषध यकृताचं काम इतकं वाढवतं की गोळीतले हार्मोन वेळेआधीच शरीरातून निघून जातात. गोळी एकही दिवस चुकली नाही तरी ती पुरेशी ठरत नाही. फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या औषधांचंही तेच. घरात कुणाला ही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. टीबीच्या डॉक्टरला गोळीबद्दल सांगायला लाजू नका. साध्या सर्दी-तापाच्या अँटिबायोटिकनं मात्र असं होत नाही.

गोळ्या चुकल्या होत्या आणि तपकिरी आठवड्यात पाळी आली नाही, तर तपासणी करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतो.

सगळ्या गोळ्यांचा नियम एक नाही

आत्तापर्यंत सांगितलं ते दोन हार्मोनच्या गोळीबद्दल. तुमच्या जावेच्या, मैत्रिणीच्या गोळीचा नियम वेगळा असू शकतो.

फक्त प्रोजेस्टिन असलेली गोळी असते. तिच्या काही जुन्या प्रकारांत नेहमीच्या वेळेपेक्षा तीन तासांहून जास्त उशीर झाला की ती चुकली असं धरतात. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला बारा तासांची सवलत आहे. इथं घड्याळ खरंच महत्त्वाचं. उमराहला गेलात तर सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं. तिथल्या नऊला घेतली म्हणजे आपल्या साडेअकराला घेतली. दोन हार्मोनच्या गोळीला यानं काही होत नाही, पण तीन तासांच्या गोळीची जवळजवळ सगळी सवलत प्रवासातच संपते.

‘छाया’ ही तिसरी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, सीडीआरआयमध्ये, शोधलेली सेंटक्रोमन. तिच्यात हार्मोन नसतात. आधी ‘सहेली’ नावानं यायची, २०१६ मध्ये सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ म्हणून आली. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पहिली रविवारी घेतली तर रविवार आणि बुधवार, तीन महिन्यांनी फक्त रविवार. चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, ठरलेला वार तसाच ठेवा आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरा. सात दिवस उलटून गेले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने दोन हार्मोनची गोळी देत नाहीत, ‘छाया’ चालते. पस्तिशीपुढं सिगारेट-बिडी ओढणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, डोळ्यांपुढं चमकून अर्धशिशी उठणाऱ्या किंवा रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बाईनंही दोन हार्मोनची गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. गोळी चालू असताना एका पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक भयंकर डोकेदुखी किंवा नजरेत बिघाड झाला, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

रमजान आणि आखातातून येणारा नवरा

दुपारी गोळी घेणारीनं रमजानमध्ये काय करायचं? रोजा सुरू होण्याआधी काही दिवस वेळ इफ्तारनंतरची करून घ्या. सहरीला ठेवू नका, कारण एखाद्या दिवशी सहरीला जाग येत नाही. वेळ बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढची गोळी लवकर घेतली तर दोन गोळ्यांमधलं अंतर कमी होतं, त्यात धोका नाही. उशिरा घेतली तर अंतर वाढतं. म्हणून दुपारची वेळ रात्रीवर न्यायची असेल, तर आज दुपारी एक घेतली की उद्याची आज रात्रीच घ्या आणि तिथून पुढं रोज रात्री. पाकीट एक दिवस आधी संपेल, एवढंच.

रमजानमध्ये, उमराहला किंवा घरच्या लग्नात पाळी नको म्हणून मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या जातात. त्या पाळी लांबवतात. त्यांना गर्भनिरोधक समजू नका, त्यांच्या भरवशावर राहू नका. तुम्ही दोन हार्मोनची गोळी आधीच घेत असाल तर डॉक्टरांना विचारून तपकिरी सोडून नवीन पाकिटाच्या पांढऱ्या सुरू ठेवता येतात.

कोकणातल्या बहिणींसाठी एक गोष्ट. नवरा कुवेतला किंवा दुबईला, वर्षातून एक-दोन महिने येतो. "तो आला की सुरू करते" असा विचार असतो. पण गोळी त्याच रात्री लागू होत नाही, ते आत्ता आपण बघितलं. तिकीट कळलं की त्याआधीच्या पाळीत सुरू करा. निदान सात पांढऱ्या पोटात जाऊ द्या. आणि फक्त संबंध येईल त्या दिवशी एक गोळी, असं कधीच नाही.

मुलग्यांनी का बसायचं

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते.

गोळी अमेरिकेत १९६० मध्ये मंजूर झाली. त्या वेळी ती साध्या बाटलीतून मिळायची, बाईनं रोज मोजत बसायचं. इलिनॉयमध्ये डेव्हिड वॅग्नर नावाचा इंजिनियर होता. आज गोळी घेतली की नाही, यावरून त्याचे आणि त्याच्या बायकोचे, डोरिसचे, खटके उडायचे. त्यानं कागदावर वारांचा तक्ता आखला आणि एकेका वारावर गोळी ठेवली. कागद पडला की गोळ्या विखुरणार. मग त्यानं प्लॅस्टिकची गोल डबी बनवली. वार फिरवायचा, गोळी बाहेर येते, रिकामी जागा सांगते की आजची झाली. १९६२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९६४ मध्ये ते मिळालं. पाकिटावर बाण आणि वार छापण्याची पद्धत त्या वाटेनं आली. मला यातली एक गोष्ट आवडते. बायको विसरते, म्हणून नवऱ्यानं तिच्यावर पहारा बसवला नाही. दोघांनाही एका नजरेत दिसेल अशी सोय केली.

आपल्या घरांत गोळी कुठं असते? तांदळाच्या डब्यात, कपाटात ओढण्यांच्या खाली, पर्सच्या आतल्या कप्प्यात. सासूला दिसू नये, नणंदेनं विचारू नये. खोलीत पाहुण्या बायका झोपल्या की त्या रात्री कपाट उघडता येत नाही. अशी गोळी राहते, आणि त्याला विसरणं म्हणणं चूक आहे. लपवावी लागणारी गोष्ट वेळेवर घेता येत नाही, इतकं सोपं आहे हे. लपवल्याशिवाय इलाज नसेल तर दोन गोळ्या साध्या डोकेदुखीच्या गोळ्यांसोबत पर्समध्ये ठेवा. आणि ज्यांना वर्षभर हे जमणारच नाही त्यांनी डॉक्टरांना कॉपर-टी किंवा इंजेक्शनबद्दल विचारा. त्यात रोजचा हिशेब नाही.

कुणीतरी उठून "हे जायज आहे का" असं विचारेल. मी आलिम नाही. एवढंच सांगते की नबींच्या काळात सहाबा अझ्ल करत असल्याची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. इमाम गझालींनी, ज्यांचा इंतकाल ११११ मध्ये झाला, ‘इह्या’मध्ये त्यावर सविस्तर लिहून मुभा मानली. आणि अझ्लसाठी बायकोची परवानगी हवी, असं हनफी फुकहांनी म्हटलं. म्हणजे मुलं कधी आणि किती, हे दोघांनी मिळून ठरवायचं, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. ठरवणं दोघांचं असेल तर आठवण ठेवणं एकटीचं कसं?

म्हणून भावांनो, चार कामं. एक, रात्रीचा गजर तुमच्याही फोनमध्ये लावा. दोन, पुढचं पाकीट आधीचं संपायच्या आठवडाभर आधी घरात आणा, नवीन पाकिटाची कड तिथंच सांभाळली जाते. तीन, सलग दोन गोळ्या चुकल्या असं तिनं सांगितलं तर सात दिवस कंडोम, कुरकुर न करता. आणि चार, तिनं "चुकली" म्हटल्यावर "कशी चुकली?" असं विचारू नका. "किती चुकल्या, कोणत्या आठवड्यातल्या?" एवढंच विचारा. पुढचं काय करायचं ते या दोन उत्तरांवर ठरतं. पहिल्या प्रश्नावर फक्त भांडण ठरतं, आणि पुढच्या वेळी ती सांगतच नाही.

माझं बोलणं झालं. दाराशी डबा ठेवला आहे, प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाका, नाव लिहू नका. उत्तरं मी आणि मागं बसलेल्या डॉक्टर बाजी मिळून देऊ. आणि चिठ्ठ्या फक्त बहिणींच्या येऊ नयेत.